रात्री बाळाला कोण घेतं?

बाळ दीड महिन्याचं होऊन लसीला नेलं, तोवर माझी झोप पार उडाली होती. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी. डिचोलीच्या घरात सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आईने डिंकाचे लाडू पाठवले. ‘पहिलटकरणीला रडू येतंच,’ सगळ्या म्हणाल्या. येतं, पण ते पंधरा दिवसांत ओसरतं. माझं वाढत चाललं होतं. न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांवर घ्यायची, तेव्हा वाटायचं, याला हिच्याच ओटीत टाकून कुठेतरी निघून जावं.

लसीच्या रांगेत एक ताई भेटली. डॉक्टर वगैरे नव्हे. दोन मुलांची आई, पहिल्या बाळंतपणात यातूनच गेलेली. तिने विचारलं, “रात्री बाळाला कोण घेतं?” दूध पुरतं का, यापलीकडचं काही विचारणारी ती पहिलीच.

यातून जाणाऱ्या आयांचा तिचा गट गुरुवारी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, बसायचा. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, एवढंच बंधन. तिथेच कळलं, गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झालाय. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य आढळलं होतं. म्हणजे लसीच्या त्या रांगेतही माझ्यासारख्या असणारच.

ताईने बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली. प्रश्न १०, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. मी ‘कधी कधी’वर खूण केली. तिने कागद बाजूला ठेवला, “हे माझ्या हातातलं नाही,” म्हणाली आणि तिथूनच नवऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही बांबोळीला, मनोविकार संस्थेत. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटलही, तिथेच असल्याने शेजाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न आला नाही! अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या मिळाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, ते बरं झालं. नाहीतर चार दिवसांत सोडल्या असत्या.

गोळ्यांइतकाच फरक झोपेने पडला. ताई घरी येऊन सासूबाईंशी बोलली. माझ्याकडून हे जन्मात झालं नसतं. आता पहाटेपर्यंतची पाळी त्यांची. काढून ठेवलेलं दूध त्या वाटी-चमच्याने पाजतात. दृष्टही काढतात अजून, काढोत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, तोही त्यांनीच.