वेर्ण्याच्या गोदामात अडकलेले टायर आणि एक इंच उंची

स्पोर्ट एटीव्हीला, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायच्या चारचाकी मोटरसायकलसारख्या गाडीला, कुठले टायर घालू, असं हल्ली गावातली पोरं मला विचारतात. मी उलट विचारतो, मागवणार कुठून आणि येणार कसे? कारण टायर निवडायला मला फारसा वेळ लागला नव्हता. ते हातात पडेपर्यंत मात्र मिरग तोंडावर आला होता.

आमची काजूची बागायत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे. डोंगरावर जाणारी वाट जांभ्याची. पावसात दोन्ही चाकोऱ्या खोल जातात, मध्ये उंचवटा राहतो आणि त्यातून दगड डोकी वर काढतात. मावसभावाकडून घेतलेली ४०० सीसीची जुनी गाडी ह्याच उंचवट्यावर घासायची. आवाज ऐकूनच पोटात गोळा यायचा. खाली वाकून पाहिलं तर मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या चक्राच्या, दातांची टोकं चेपून मशरूमसारखी पसरलेली, फटीत लाल माती घट्ट बसलेली, आणि दुसऱ्या बाजूच्या ब्रेक डिस्कच्या कडेला चरे.

ज्याला विचारावं तो सांगायचा, "शॉक उंच कर." शॉक म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. त्याची रिंग फिरवून स्प्रिंग आवळली की गाडीचा सांगाडा आणि सीट वर जाते, पुढची बाजूही उचलली जाते, हे खरं. पण स्पोर्ट एटीव्हीला मागे एकच आडवा ॲक्सल असतो आणि स्प्रॉकेट, डिस्क त्याच्यावरच बसलेली असतात. ॲक्सल जमिनीपासून किती उंच, हे फक्त चाकाची त्रिज्या ठरवते. शॉक कितीही ताणा, स्प्रॉकेट तिथल्या तिथे. मागे उंची हवी तर टायरच मोठा लागतो, आणि व्यासात दोन इंच वाढवले की हाती एकच इंच लागतो.

माझ्या गाडीला पुढे २१×७-१०, मागे २०×१०-९ टायर होते. पहिला आकडा टायरची उंची, दुसरा रुंदी, शेवटचा रिमचा व्यास, सगळं इंचात. रिम बदलायची नव्हती म्हणून शेवटचा आकडा तोच ठेवला. मागे २२×१०-९, पुढे २२×७-१०. पुढे २३ घ्यायचा मोह होता, पण हँडल पूर्ण वळवल्यावर टायर बंपरला लागेल असं टेप लावून पाहिल्यावर दिसलं. ही गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे पुढच्या-मागच्या मापांचं प्रमाण सांभाळायची भानगड नाही. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, असेल तर ते सांभाळावंच लागतं.

जांभ्याचे दगड धारदार, टायरची बगल फाडतात. म्हणून सहा प्लायचे, म्हणजे सहा थरांच्या मजबुतीचे, घेतले. चार प्लायचे हलके असतात, गाडी चपळ राहते, पण मला शर्यत लावायची नाही. नक्षी मध्यम खोल घेतली. अगदी खोल नक्षीचे चिखलाचे टायर कातळावर घसरतात आणि वाळूत रुततात. वाळूचं नुसतं सांगतोय हां, किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे.

मुंबईच्या विक्रेत्याने पैसे घेतल्यावर लगेच माल ट्रान्सपोर्टला टाकला आणि बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो पाठवला. गोदाम डिलिव्हरी, टू-पे, म्हणजे माल गोदामातून आपणच उचलायचा आणि भाडंही आपणच भरायचं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

गोदाम वेर्ण्याच्या बाजूला. वाळपईहून उसगाव, फोंडा, बोरीचा पूल असं करत जायचं, मे महिन्याच्या उन्हात. फोनवर आधी "माल आलाच नाही" म्हणाले, मग "आलाय, या" म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने बिल्टीचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जीएसटी नंबर?" मी म्हटलं, मी बागायतदार, स्वतःच्या वापरासाठी घेतलेत, बिलावरही तसंच आहे. "मग ई-वे बिल लागेल." हा माल वाहून नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. तोही नव्हता, कारण लागतच नव्हता. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालालाच तो लागतो आणि माझं बिल त्याच्या खाली होतं. मी बिलाच्या बेरजेवर बोट ठेवलं. त्याने माझं बोट बाजूला करून पेनाने त्याच आकड्याभोवती गोल काढला, आणि म्हणाला, "पात्रांव, फाल्यां येयात. साहेब येतले."

फाल्यां, म्हणजे दुसऱ्या दिवशी, साहेब नव्हते. त्यानंतर गेलो तेव्हा होते, आणि त्यांनी नवीनच काढलं. टायर म्हणजे वाहनाचा भाग, तेव्हा गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, दाखवा. मी सांगितलं, ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, तिची नोंदणीच नाही, डोंगरावर नेतानासुद्धा पिकअपमध्ये घालून नेतो. साहेबांनी चष्मा वर केला. "नोंदणी नाही? मग गाडी आणली कुठून?" टायर सोडवायला आलेला माणूस मी, आणि चोरीच्या गाडीचा जबाब देत उभा! शेजारी एक टेम्पोवाला उभा होता, तो हसून हसून बेजार झाला. मला तेव्हा हसू आलं नाही, खरं सांगायचं तर अजूनही येत नाही.

मग विक्रेत्याच्या लेटरहेडवर पत्र आणा म्हणाले. आणलं, तर सही निळ्या शाईत नाही, प्रिंट आहे म्हणाले. हे सगळं चालू असताना आतल्या कोपऱ्यात माझे चार टायर मला दिसत होते. दोरीने आवळलेली चवड, तिच्यावर पत्र्यांचे गठ्ठे. वरचा टायर चपटा होऊन त्याचे दोन्ही काठ एकमेकांना टेकलेले. मी म्हटलं निदान वरचं वजन तरी काढा. तर म्हणे हमाल जेवायला गेलेत. आणि माल वेळेत उचलला नाही म्हणून रोजचं डेमरेज लागतंय, ते वेगळं!

घरी येऊन रागाच्या भरात नियम वाचून काढले. राज्याबाहेरून येणाऱ्या मालाला ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आलं. जीएसटी नंबर नसलेल्या घेणाऱ्यासाठी त्यात नंबराच्या जागी यूआरपी, म्हणजे अनरजिस्टर्ड पर्सन, असं लिहायची सोय आहे. म्हणजे नंबर नसलेल्या माणसाला माल देता येत नाही, हा शोध त्या काउंटरवरचाच. हे सगळं पाठ करून मी पुन्हा गेलो आणि एवढंच म्हटलं, "कुठल्या नियमाने अडवलंय ते ह्या कागदावर लिहून सही करा, मी निघतो." त्यावर आवाज उतरला, चहासुद्धा विचारला, पण टायर काही सुटले नाहीत.

सुटले ते वेगळ्याच वाटेने, आणि हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. ट्रान्सपोर्टचं गिऱ्हाईक आपण नव्हे, पाठवणारा असतो. रोज माल टाकणारा तो, त्यामुळे त्याचंच ऐकतात. मी विक्रेत्याला सांगितलं, तुम्ही जिथे बुक केलं त्या मुंबईच्या ऑफिसात जाऊन बसा. तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेर्ण्याहून मलाच फोन, "कधी येताय?" आधार कार्डाची झेरॉक्स दिली, बिल्टीमागे सही केली, टायर पिकअपमध्ये. आरसी, पत्र, ई-वे बिल, कशाचाही उल्लेख नाही. डेमरेज माफ, हमाली मात्र घेतली, पावती न देता.

म्हणून, मागवताना बिल्टीवर आपलं नाव आणि मोबाइल नंबर आधारवर आहे तसाच घालायला लावा, बिलावर "स्वतःच्या वापरासाठी" लिहून घ्या, आणि जमल्यास बिल्टीची घेणाऱ्यासाठीची मूळ प्रत कुरिअरने मागवा. भाडं वजनावर की आकारावर, हेही आधी विचारा. टायर हलका असतो पण जागा खातो.

चेपलेल्या टायरांनी पुढे छळलंच. काठ आत गेलेले, रिमला टेकतच नाहीत, त्यामुळे हवा भरली की सरळ बाहेर. वाळपईच्या पंक्चरवाल्याने हात टेकले. शेवटी टायर दिवसभर उन्हात ठेवले, मग घेरावर मधोमध रॅचेटचा पट्टा आवळला, त्याने काठ बाहेर फुगले. साबणाचं पाणी लावून कॉम्प्रेसरने हवा मारली तेव्हा काठ फट्‌ करून बसले. बगलेवर छापलेल्या मर्यादेच्या पुढे हवा नेऊ नका, आणि त्या वेळी चेहरा टायरवर नको.

काठ बसले की हवा उतरवायची. ह्या टायरांत चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढीच चालते. पंपावरच्या गेजवर तो काटा धड हलतही नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या आणि शेवटची हवा सायकलच्या पंपाने भरा.

मागचा टायर २० चा २२ झाला म्हणजे गाडी सुमारे दहा टक्के उंच गिअरची झाली, चढावर दम टाकू लागली. पुढचं १४ दातांचं स्प्रॉकेट काढून १३ चं घातलं, बराचसा जोर परत आला. मागचं मोठं घालूनही येतो, पण तेच तर जमिनीकडे लोंबतं. चेन ५२० ची असेल तर एका दातामागे साधारण अडीच मिलिमीटर उंची जाते. इंच कमवायचा आणि तोच फेडायचा, असला धंदा कशाला? स्प्रॉकेट बदलल्यावर चेनचा ढिलेपणा बघा, शॉकची रिंग फिरवली असेल तर पुन्हा बघा. आणि उंच झालेली गाडी उतारावर आडवी घालू नका, आता ती लवकर कलंडते.

पहिल्या पावसानंतर वर जाऊन आलो. मधल्या उंचवट्यावर स्प्रॉकेट घासलं नाही, एका दगडाला डिस्क निसटती लागली तेवढंच. मागे खाली जाड ॲल्युमिनियमचा गार्ड लावायचा आहे. तो ट्रान्सपोर्टने नको, पोस्टाने पाठवा, असं विक्रेत्याला आत्ताच सांगून ठेवलंय.