पहिल्या पावसात आंबोली: बेडूक बघायला जाणाऱ्यांसाठी

आंबोली म्हटलं की लोकांना धबधबा, गरम भजी आणि भाजलेली कणसं आठवतात. आम्ही गेलो तेव्हा जून नुकता लागला होता, धबधब्याने अजून नीट जोर धरला नव्हता. मुद्दामच गेलो, कारण आंबोली टोड या बेडकाची वीण पहिल्या दमदार सरींबरोबर सुरू होते आणि लवकरच उरकते. जुलैत गेलात तर बाकीचे बेडूक भरपूर दिसतील, हे मात्र हुकेल.

या टोडचं नवी प्रजाती म्हणून वर्णन झालं 2009 साली. झँथोफ्राइन टायग्रीना हे त्याचं शास्त्रीय नाव. मुठीत सहज मावेल एवढा जीव, कुशीवर पिवळसर पट्टे. आंबोली आणि तिच्या आसपासचा भाग सोडला तर त्याला जगात दुसरं घर नाही, म्हणून आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्तांत आहे. याला शोधायला रानात शिरायची गरज नसते. तो अंडी घालतो उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, जांभ्यातल्या पाणी साचलेल्या खळग्यांत. आम्ही पाहिला तो खळगा बोटाच्या दोन पेरांएवढाही खोल नव्हता. टॉर्च तिरका धरल्यावर तळाशी गिळगिळीत आवरणातली बारीक बारीक अंडी दिसली, आणि कडेला नर बसून ओरडत होता. पावसाने दोन-चार दिवस दडी मारली की असं पाणी आटतं आणि अंडी सुकून जातात. म्हणूनच मान्सूनचं वेळापत्रक बिघडणं याला फार महागात पडतं.

सडा दिसायला ओसाड. सातबाऱ्यावर अशी कातळाची जमीन बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागते, त्यामुळे तिथे गाडी लावणं, खडी टाकणं, रिसॉर्टची पायवाट काढणं कुणालाच खटकत नाही. आम्ही पाहिलेल्या खळग्यापासून चार पावलांवर टायरची ताजी खूण होती.

टायरवरूनच पुढचं सांगतो. सावंतवाडी-बेळगाव रस्ता आंबोलीतूनच जातो. पावसाळी रात्री हे जीव रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांखाली चिरडतात. आंबोली टोडच्या बाबतीत हा मोठा धोका मानला जातो. शनिवार-रविवारी घाट गाड्यांनी भरलेला असतो, म्हणून मधल्या वारी जा. अंधार पडल्यावर गाडी मुक्कामी ठेवा आणि चालत फिरा. दिसतंही जास्त. गाडी काढावीच लागली तर पुढे एकाने टॉर्च घेऊन चालावं. वेळ लागतो, लागू दे.

चौकुळच्या रस्त्याकडेला पाण्यावर झुकलेल्या फांद्या बघत चला. मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी तिथे लोंबतात. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, अंडी त्यात सुरक्षित राहतात आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. गावात कुणाच्या परसातल्या सिमेंटच्या टाकीवरही अशी घरटी सापडतात, पण आधी घरमालकाला विचारा. 2009 मध्येच वर्णन झालेला आंबोली बुश फ्रॉग तर पाण्यात जातच नाही. त्याच्या अंड्यांतून शेपटीचा टप्पा न दिसता थेट इवले बेडूक बाहेर येतात. पानांखाली टॉर्च फिरवताना हिरवा चापडा हा विषारी साप दिसू शकतो. हात न घालता दोन पावलं मागे सरा.

आता जळवा. मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी नेण्याची जुनी पद्धत आहे, पण ते मीठ खळग्यात गेलं तर बेडकांना त्रास. लीच सॉक्स घाला, लागलेली जळू नखाने सरकवून काढा. डास-मलम हाताला चोळून बेडूक उचलणं तर अजिबात नको, कारण तो कातडीनेही श्वास घेतो. खरं तर उचलूच नका. हातात बेडूक घेतलेले फोटो बघून मला राग येतो.

बूट मात्र घरूनच घासून, वाळवून न्या. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे आणि ओल्या चिखलातून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत आठ हजारांवर उभयचर प्रजातींपैकी सुमारे 41 टक्के धोक्यात आहेत असं दिसलं. पृष्ठवंशीय प्राण्यांत इतकी वाईट अवस्था दुसऱ्या कुठल्याच वर्गाची नाही.

दिवसा वेळ उरला तर हिरण्यकेशीला जा. तिथल्या महादेवाच्या मंदिराच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा सापडला आणि 2021 साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात हात-पाय धुऊ नका, निर्माल्य आणि पीठ टाकू नका.

पावसाळ्यात काही ठिकाणी बेडूक पकडून खाणारेही भेटतात. वन्यजीव कायद्याने ते चालत नाही. वाद घालत बसण्यापेक्षा वनविभागाला कळवा.

सावंतवाडी रोड रेल्वे स्टेशनवर उतरून सावंतवाडी गाठा, तिथून आंबोली साधारण तीस किलोमीटर. एसटी मिळते, पण पावसात वेळा बदलतात, स्टँडवर विचारून घ्या. गावातला माहीतगार सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. फोटो टाकाल तेव्हा फक्त ‘आंबोली’ लिहा, खळग्याचा नकाशा देऊ नका. जेवण सात वाजताच सांगून ठेवा. आम्ही परतलो तेव्हा मालक झोपले होते, आणि भाकरी-पिठलं झाकून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं.