एकांत पाहिजे, पण बोट कितीची आहे?

बेटावरचं रिसॉर्ट फोटो बघून निवडायचं नाही, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगू शकते. सगळे फोटो एकच. तेच निळं-हिरवं पाणी, तोच वाकलेला माड, त्याला तोच झोपाळा आणि झोपाळ्यावर पाठमोरी बसलेली टोपीवाली बाई, बहुतेक एकाच बाईला सगळ्या बेटांवर फिरवत असावेत. लेक हॉस्टेलला गेली, आणि नणंद म्हणाली की वहिनी, आईला मी बघते, तुम्ही दोघं जरा कुठेतरी जाऊन या, तर नवरा पटकन म्हणाला, "जायचं तर जिथे माणूस दिसणार नाही अशा ठिकाणी." रोज मुलुंड ते सीएसएमटी फास्ट लोकलने जाणारा माणूस दुसरं काय मागणार. मग त्याने एक्सेल शीट केली. एक्सेल शीट झाली की आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचं प्रोजेक्ट होतं.

पहिलं नाव अर्थातच मालदीव. तिथलं गणित सरळ आहे, एका बेटावर एकच रिसॉर्ट. १९७२ साली कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि तेव्हापासून हाच धंदा चाललाय, बाराशेच्या आसपास बेटं आणि माणसं राहतात ती दोनशेच्या आत, म्हणजे एकांताचा माल भरपूर. पण एका बेटावर एक रिसॉर्ट म्हणजे तिथे टपरी नाही, वाणी नाही, समोरच्या हॉटेलात चहा स्वस्त मिळतो का बघू ही सोय नाही. म्हणून खोलीच्या भावापेक्षा जेवणाचा प्लॅन आधी बघायचा. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दुपारचं तुमचं तुम्ही, डॉलरमध्ये. हे ऐकल्याबरोबर आईंनी विचारलं, "दशम्या किती दिवस टिकतील गं?" त्यावर तिथल्या सरकारचा ग्रीन टॅक्स, २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीचे १२ डॉलर, तो बऱ्याच साइटवर अगदी शेवटच्या पानावर उगवतो.

पण खरी मेख असते शेवटच्या टप्प्यात. मुंबईहून मालदीवची राजधानी माले तीनेक तासांत येते, त्यात काही नाही. पुढे जवळच्या बेटांना स्पीडबोट आणि लांबच्या बेटांना सी-प्लेन. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे विमान दुपारी उशिरा उतरलं तर त्या दिवशी बेट विसरा, रात्र मालेच्या बाजूलाच काढायची आणि तिचे पैसे वेगळे. आणि सामान तोलून घेतात. नवऱ्याला सी-प्लेनचं फार आकर्षण, वरून ती प्रवाळांची कंकणं काय दिसतात म्हणून व्हिडिओ दाखवत होता, आणि मधेच व्हिडिओ थांबवून म्हणाला, "पण समज रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर?"

तिथे आमची गाडी जी अडकली ती अडकलीच. कारण आम्हा दोघांनाही एकदम कळलं की आपल्याला एकांत पाहिजे म्हणजे नक्की काय पाहिजे याचा आपण विचारच केलेला नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाला गर्दीचं काही वाटत नाही हो, त्याला भीती वाटते ती दुसरा रस्ता नसण्याची. सेंट्रल बंद पडली की घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीला, नाहीतर दादरला उतरून वेस्टर्न, नाहीतर बेस्ट, नाहीतर शेअर टॅक्सी, आणि यातलं काहीच नसेल तर पाय आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तरी लोक छातीभर पाण्यातून रात्रभर चालत घरी पोचले. चालत! बेटावरून चालत कुठे जाणार? तिथे परतीची किल्ली रिसेप्शनवरच्या माणसाकडे, आणि त्याच्या हातातही ती नसते, ती हवेच्या हातात असते. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद होते हे आपल्याला पाठ असतं, पण हजारो रुपये भरून आपण स्वतःच त्या लाँचच्या पलीकडे जाऊन बसणार आहोत हे फोटोतल्या झोपाळ्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तेव्हा शीटमध्ये नवीन कॉलम आला, "शेवटची बोट". मग एकेक ठिकाणाचं खरं रूप दिसायला लागलं.

अंदमानचा विचार केला. हॅवलॉकचं २०१८ला स्वराज द्वीप झालं तरी एजंट हॅवलॉकच म्हणतो. राधानगरचा किनारा, मागे गर्द झाडी, भाषेचा प्रश्न नाही, पासपोर्ट नको. पण तिथला सूर्य! अंदमान मुंबईच्या वीस अंश पूर्वेला, म्हणजे हिशोबाने ८० मिनिटं पुढे, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे डिसेंबरात पाच वाजता सूर्यास्त, ऑफिसात असतो तर आपण त्या वेळेला दुसरा चहा घेत असतो. याच्या उलट मालदीवची काही रिसॉर्टं आपलं घड्याळच मालेपेक्षा तासभर पुढे करून ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळ मोठी मिळावी म्हणून. सरकारी वेळ वेगळी आणि बेटाची वेगळी. मला हे इतकं आवडलं की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते, नवरा म्हणाला परतीच्या बोटीची वेळ कुठल्या घड्याळाची ते आधी विचार. अंदमान तसं बाद झालं वेगळ्याच कारणाने. "सेल्युलर जेल बघितल्याशिवाय येऊ नका," आई म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, "तिथे जाणार असाल तर मीही येते." एकांत तिथेच संपला.

लक्षद्वीपला परमिट लागतं आणि विमान उतरतं ते अगत्तीला, पुढे पुन्हा बोट. थायलंडच्या कोह सामुईचे भाव दिवाळीनंतर चांगले दिसत होते, दिसणारच, नोव्हेंबरात तिथे धो धो पाऊस, पलीकडच्या क्राबी-फुकेतला तेव्हा उघडीप सुरू झालेली असते. स्वस्त दिसलं की आधी पाऊस बघायचा. मॉरिशसला तर गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, दीडेकशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून ऊसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत तिथे. म्हणजे किनाऱ्यावर कुणीतरी "तुम्ही कुठले?" विचारणारच, आणि माझा नवरा तासभर बोलत बसणार. मग कोकण काय वाईट?

शेवटी फेब्रुवारीचं मालदीवच ठरलं, कोरडे दिवस असतात ते. स्पीडबोटवालं बेट, सी-प्लेनवालं नाही. वॉटर व्हिला की बीच व्हिला यावर भांडण झालं, त्यात मी जिंकले, पायाखाली वाळू आणि डोक्यावर झाड नसेल तर तिथवर जायचं कशाला. बुकिंगच्या आधी मी चॅटवर विचारलं की हाऊस रीफ, म्हणजे बेटाला लागून असलेलं प्रवाळ, किनाऱ्यापासून किती लांब आहे आणि जिवंत आहे का, कारण १९९८ आणि २०१६ला पाणी तापून तिथले प्रवाळ पांढरे पडले होते, आणि वेबसाइटवरचे फोटो कधीचे ते देव जाणे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की पूर्वेकडे बरा आहे, पश्चिमेकडे नुसती वाळू. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, रात्री दोन वाजता मालेला जायचं झालं तर? उत्तर आलं, बोट मिळेल, चार्ज वेगळा. मग तो निवांत झाला.

पैसे भरताना दोन पर्याय होते, एक स्वस्त पण पैसे परत नाहीत, दुसरा महाग पण आदल्या आठवड्यापर्यंत कॅन्सल करता येतो. मी विचारायच्या आत त्याने महागडा क्लिक केला.