सातबाऱ्यावरचा माळढोक

सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. द्राक्ष बागायतदार या गावाला सोनाका वाणासाठी ओळखतात, पक्षी पाहणारे माळढोकासाठी. मी मात्र माळढोक हा शब्द प्रथम ऐकला तो मामांच्या घरी, आणि तोही पक्ष्याचे नाव म्हणून नव्हे, तर अडचणीचे नाव म्हणून.

मामांची उत्तर सोलापूर तालुक्यात चार एकर कोरडवाहू जमीन होती. मामेबहिणीच्या लग्नासाठी त्यांनी त्यातली दीड एकर विकायला काढली, इसारही घेतला, आणि मग कळले की उताऱ्यावर अभयारण्याची नोंद असल्यामुळे खरेदीखत होणार नाही. दोन वर्षे हेलपाटे घालून शेवटी त्यांनी इसार परत केला आणि लग्न व्याजाच्या पैशांवर उरकले. ज्या पक्ष्यापायी हे घडले, तो मामांनी जन्मात पाहिला नव्हता.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले गेले. यातील वनजमीन थोडी. बाकी शेते, वस्त्या आणि रस्ते सारे काही त्या रेघेच्या आत आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. त्यानंतर लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते वेळेत निकाली काढावेत, ही कायद्याची दुसरी बाजू मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर गावोगावी माळढोक ही शिवी होऊन बसली होती.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. हा मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. दूरवरचा धोका दिसावा म्हणून त्याला मोकळा माळ लागतो. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसले की झाडे लावायची, हा आपला शिरस्ता. नान्नजच्या गवतातही गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. (झाड लावणे हे पुण्यकर्मच, असे मानणाऱ्यांशी वाद घालणे किती अवघड आहे, हे मी घरच्या जेवणाच्या ताटावर अनुभवले आहे.) कुंपणापलीकडे उजनीच्या पाण्याबरोबर ऊस आला, आणि ज्या शाळू-हरभऱ्याच्या रानात माळढोक किडे टिपत फिरे, ते रान आटत गेले. शेतकऱ्याने ऊस लावला म्हणून त्याला दोष देणे मला जमत नाही. कोरडवाहू ज्वारीवर घर चालत नाही, हे मामांकडे पाहून मला कळले होते.

नव्वदच्या दशकात एका पावसाळी पहाटे मी नान्नजला नर माळढोक पाहिला. आधी दूरच्या कुसळीत एक पांढरा ठिपका हलला. मग त्याने मान मागे टाकली, गळ्याची पिशवी फुगून छातीपुढे लोंबू लागली आणि रिकाम्या घागरीत कुणी हुंकार भरावा तसा खोल आवाज माळावरून घुमत आला. आज देशात उरलेले माळढोक दीडशेच्याही आत आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे. तिथे लढा उडत्या माळढोकांचा धडकून जीव घेणाऱ्या विजेच्या तारांशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ साली सौरऊर्जेची गरज लक्षात घेऊन तो सौम्य करत प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. आपल्याकडे तारांपर्यंत पोहोचायच्या आधीच गवत हरवले.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा गेलो. काळविटांचा एक कळप दिसला, धाविक पक्षी दिसले, माळढोक नाही. मेंढरे घेऊन निघालेल्या एका धनगर आजोबांनी विचारले, “ढोक बघाय आलाव का?” मी मान डोलावली. ते म्हणाले, “त्यो काय आता दिसत न्हाई. लांडगा हाय, काल एक कोकरू न्हेलं.” भरपाई मागितली का, असे विचारल्यावर ते हसले, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कळप दोन मुक्काम पुढे गेलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी काठीने पलीकडची चारी दाखवली आणि सांगितले की लांडगीण तिथेच व्याली आहे, पिले लहान आहेत, तिकडे जाऊ नका.