पोकळ छाती, ब्राँझचे हात

अल्बेर्तो जाकोमेत्तीच्या 1934 सालच्या 'अदृश्य वस्तू' या शिल्पातली बाई दोन्ही हातांत काहीतरी जपून धरते, आणि त्या हातांत काहीच नसतं. आधी प्लास्टरमध्ये घडलेलं हे शिल्प नंतर ब्राँझमध्ये ओतलं गेलं. बघणारा अडकतो तो तळव्यांमधल्या रिकाम्या जागेत.

काँक्रीटचं धड, छातीत पोकळी आणि तिच्यापुढे ब्राँझचे हात, अशी रचना करायची असेल तर हातांमधलं अंतर शेवटपर्यंत टिकवणं हेच खरं काम. मातीच्या मॉडेलवर ते एकदा मनासारखं जमलं की प्लायवुडचा तुकडा त्या फटीच्या आकारात कापून ठेवावा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तो तळव्यांमध्ये धरून बघायचा. अंतर थोडं कमी झालं तरी विरहाचं शिल्प नमस्काराचं वाटू लागतं.

हात आधी ओता, धड नंतर. हा क्रम उलटा केला की मनगट धडातल्या खोबणीत सैल बसतं. हात आधी मेणात पोकळ घडवायचा, त्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी ब्राँझ ओतायचं. मेण आणि धातू मिळून साधारण अडीच ते तीन टक्के आकसतात, म्हणजे 19 सेंटिमीटरचा हात जवळजवळ 5 मिलिमीटरने लहान होतो.

मेणाची जाडी 4 ते 5 मिलिमीटर ठेवावी. मेणाचं जे वजन, त्याच्या दहापट ब्राँझ लागतं. धातू वाहून नेणाऱ्या नळ्या आणि ओतपेला (ज्या तोंडातून धातू ओततात तो) यांचं वजन धरायला विसरू नये. बोटं खाली आणि मनगट वर ठेवून साचा रचला तर बोटांच्या टोकांशी हवा कोंडते, म्हणून प्रत्येक टोकापासून वरपर्यंत हवेची बारीक नळी काढावीच लागते. बोटांच्या मुळाशी पडणाऱ्या भेगेचं कारण वेगळं आहे. तिथे पातळ बोट जाड तळव्याला मिळतं. बोट आधी थिजतं, तळवा मागाहून आकसतो आणि ओढाताणीत सांधा फाटतो. धातूची मुख्य नळी तळव्याच्या जाड बाजूलाच जोडावी आणि बोटांच्या बेचक्यात मेणाची गोलाई द्यावी.

85-5-5-5 मिश्रणाचं ब्राँझ (तांबं 85, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी 5) 1000 अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, पण पातळ बोटांसाठी 1120 ते 1180 अंशांना ओतावं लागतं. मूस त्याहून जास्त तापवली तर जस्ताचा पांढरा धूर निघू लागतो आणि धातू वायू शोषून छिद्राळ होतो. साच्यात ओल राहिली असेल तर वाफेने उकळता धातू बाहेर उडतो. इथे घाई जिवावर बेतते.

आता जोड. लोखंडी सळई आणि ब्राँझ ओल्या काँक्रीटमध्ये एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजतं. गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडतं. म्हणून मनगटाच्या आत ओततानाच ब्राँझचा एक जाड गड्डा ठेवावा, त्यात आटे पाडावेत आणि 316 ग्रेडच्या स्टेनलेसचा एम-12 (12 मिलिमीटर जाडीचा) आटेदार रॉड बसवावा. धडात 14 मिलिमीटरचं भोक, खोली 120 मिलिमीटर, भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढलेली, मग इपॉक्सी. रॉड सळईला कुठेही टेकता कामा नये.

मनगटाभोवती 3 मिलिमीटर फट सोडावी, कारण उन्हात ब्राँझ काँक्रीटच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं. फट न्यूट्रल सिलिकॉनने भरावी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही. त्यातलं आम्ल तांब्याच्या मिश्रधातूला खातं.

खोबणीसाठी ओतलेल्या मनगटाच्या मापाने थर्माकोल कापून शटरिंगला घट्ट बांधावा, नाहीतर काँक्रीट भरताना तो तरंगून वर येतो. काँक्रीटचं प्रमाण वजनाने: सिमेंट 1, वाळू दीड, 10 मिलिमीटरची खडी दीड. 50 किलोच्या गोणीला 21 लिटर पाणी. काँक्रीट घट्ट वाटलं तर प्लास्टिसायझर (काँक्रीट सैल करणारं रसायन) घाला, पाणी नाही. सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, आणि निदान दहा दिवस ओलं गोणपाट.

शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा घासून काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. मेक्सिकोतल्या शिलित्ला इथे एडवर्ड जेम्स या इंग्रज कवीने जंगलात उभारलेल्या काँक्रीटच्या अतियथार्थवादी वास्तूंसाठी सुतारांनी लाकडी साचे घडवले होते. काँक्रीटला हे लाकडाचं ऋण शोभतं, आणि खरबरीत धडासमोर गुळगुळीत हात जास्त उघडे, जास्त एकटे दिसतात.

पॅटिना, म्हणजे रसायनांनी धातूवर आणलेला रंग, हात बसवण्याआधीच करावा, कारण रसायनाचा एक थेंबसुद्धा काँक्रीटवर कायमचा राहतो. हात तापवून पोटॅशियम सल्फाइडचं पातळ द्रावण लावलं की गडद तपकिरी येतो, फेरिक नायट्रेटने तांबूस. नवसागर वापरू नये. त्यातलं क्लोराइड खाली दबून राहतं आणि पुढे हिरवी भुकटी होऊन धातू पोखरतं. शेवटी गरम हातावर मेण.

पावसाळ्यात ब्राँझवरून ओघळणारं पाणी धडावर हिरवे पट्टे ओढतं. मनगटाच्या खालच्या कडेला 6 मिलिमीटरची खाच ठेवली की पाणी तिथेच तुटून थेट जमिनीवर पडतं. दरवर्षी मे महिन्यात मेणाचा नवा थर द्यावा, आणि त्याच वेळी सिलिकॉनची कड नखाने दाबून बघावी: सुटलेली असेल तर पूर्ण खरवडून नवी भरावी, वरून थापू नये.