एकतीस स्वर आणि एक गळा

आज तासभर घसा कोरडा केला. सप्तकाचे ३१ समान भाग करून ते नावानिशी गायचे, असा हट्ट. सा ते शुद्ध रे एवढ्यात पाच पायऱ्या, म्हणजे मधे चार जागा, प्रत्येक पायरी जेमतेम ३९ सेंटची (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). त्यांना हाक काय मारायची?

आपली सरगम इथे गप्प. कोमल असो वा शुद्ध, तोंडात ‘रे’च, बाकी सगळं कानावर सोडलेलं. पाश्चात्त्य डो-रे-मीत निदान ‘रे’ उतरला की ‘रा’, चढला की ‘री’. तीच युक्ती उचलली: व्यंजन स्वराचं, मात्रा जागेची. रा, रू, रे, री...

आणि गंमत म्हणजे ‘री’ म्हटलं की माझा आवाज आपोआप चढायचा! तानपुऱ्याला चिकटून दहा वेळा तपासलं, दहाही वेळा वरच. शेवटी ‘री’ टाकून ‘रो’ घेतला, तेव्हा कुठे जागा सापडली.

बावीस श्रुतींना, म्हणजे सप्तकातल्या जुन्या सूक्ष्म स्वरजागांना, नावं होतीच की: तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती. ऐकायला केवढी गोड! पण द्रुत तानेत ‘कुमुद्वती’ म्हणून दाखवा बरं. मी केला प्रयत्न. जीभ अजून दुखतेय.

उद्या गंधाराची बाराखडी.