घर क्रमांक असलेली 'जंगली' माणसं

जकार्तात मला आता तिसरं वर्ष लागलंय. इथली भाषा मी वर्गात थोडी आणि ऑफिसमागच्या वारुंगमध्ये जास्त शिकलो. वारुंग म्हणजे टपरी आणि खानावळ यांच्या मधलं काहीतरी. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे 'बू' म्हणतात. शब्द 'इबू', म्हणजे आई. काकू, मावशी, मॅडम सगळं त्यातच आलं. मी त्यांच्यासाठी 'मास', म्हणजे दादा.

'लियार' हा शब्द त्यांनीच शिकवला. बाकाखाली एक मांजर घुटमळत होतं. कुणाचं, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कुणाचं नाही, लियार आहे." जंगली, भटकं, कुणी न पाळलेलं. मग टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तुकडे तेलात सोडता सोडता हसल्या, "आम्हीपण लियारच होतो, मास. सरकार तसंच म्हणायचं."

आपण ज्याला अनधिकृत बांधकाम म्हणतो, त्याला इथे 'बांगुनान लियार' म्हणतात. जंगली बांधकाम. बू बुकित दुरीच्या. दक्षिण जकार्तात चिलिवुंग नदीच्या काठावरची ही वस्ती. जन्म तिथला, लग्न तिथलं, सकाळी पुढच्या खोलीत नारळाच्या दुधातला भात विकायचा धंदाही तिथलाच.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. कोपऱ्यांना सेलोटेप, आत सगळं क्रमवार. नदीकाठच्या पत्त्याचं जुनं ओळखपत्र. कुटुंबपत्र, आपल्या रेशनकार्डासारखं. विजेची बिलं. घरपट्टी भरल्याच्या पावत्या, शाई उडालेल्या. प्रत्येकावर एर-ते आणि एर-वे असे दोन क्रमांक.

हे एर-ते प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. काही डझन घरांचा एक गट, त्याचा रहिवाशांनी निवडलेला एक प्रमुख. असे काही गट मिळून एक एर-वे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इथे शेजारगटांची पद्धत बसवली, तिचंच हे पुढचं रूप. जन्म, मृत्यू, लग्न, कसलाही दाखला हवा असला तरी सुरुवात या माणसाच्या सहीपासून. म्हणजे सरकारने या गल्ल्यांना क्रमांक दिले, वीज दिली, कर घेतला, मतदारयादीत नावं घातली. आणि मग एक दिवस म्हणाले, तुम्ही जंगली.

फोल्डरच्या तळाशी तीन पत्रं होती. एस-पे, म्हणजे इशाऱ्याची नोटीस, एक, दोन, तीन. पहिल्यात सात दिवसांची मुदत, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चोवीस तास. विनापरवाना जमीन वापरू नये, अशा अर्थाच्या 1960च्या कायद्याचा आधार अशा वेळी नेहमी घेतला जातो. गंमत म्हणजे याच देशाच्या 1997च्या जमीन नोंदणी नियमांत वीस वर्षं प्रामाणिक वहिवाट असेल, तर नोंदणीची वाटही ठेवली आहे. ती वाट बूंच्या गल्लीपर्यंत कधी आली नाही.

28 सप्टेंबर 2016 ला 'बेको' आला. (बेको म्हणजे मातीखोदाईचं यंत्र. पहिल्यांदा मला 'बायको आली' असं ऐकू आलं होतं आणि मी अभिनंदनही करणार होतो.) नदीपलीकडचं कांपुंग पुलो (कांपुंग म्हणजे वस्ती) त्याआधी वर्षभर, ऑगस्ट 2015 मध्येच गेलं होतं. 2015 या एका वर्षात शहरात 113 वेळा अशी पाडापाडी झाली आणि 8,145 कुटुंबं हलली, असं जकार्ताच्या कायदेशीर मदत संस्थेने मोजलंय. सरकारी भाषेत याला 'पेनेर्तिबान' म्हणतात, शिस्त लावणं. लोक 'गुसुर' म्हणतात, म्हणजे हुसकावणं.

सरकारने कारण दिलं पुराचं. पूर खरा आहे, हे मी नाकारत नाही. बोगोरच्या डोंगरातून पाणी सुटलं की चिलिवुंग फुगते. 2007 आणि 2013 च्या पुरांची आठवण लोक अजून काढतात. नदीला जागा हवीच. पण उत्तरेला खारफुटीच्या दलदलीत भराव घालून पांताई इंडा कापुकसारखी श्रीमंत वसाहत उभी राहिली. पाण्याची ती जागा अडवणाऱ्यांना लियार म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

बूंना घर मिळालं रावा बेबेकला. शहराच्या पार पूर्वेच्या टोकाला. नावाचा अर्थ बदकांची दलदल! पुराचं कारण सांगून उठवलं आणि दलदलीत नेऊन बसवलं, हा विनोद त्या स्वतःच करतात. घर पक्कं आहे, कोरडं आहे, बसचा पास फुकट आहे, हेही त्या आवर्जून सांगतात. पण भाडं दर महिन्याला, आणि चौथ्या मजल्यावर सकाळी भात खायला कोण चढून येणार? म्हणून पहाटे निघून आमच्या ऑफिसमागे.

काही शेजारी नव्या घराची चावी न घेता कोर्टात गेले. दावा चालू असतानाच घरं पडली. जानेवारी 2017 मध्ये प्रशासकीय न्यायालयाने त्या नोटिसा बेकायदा ठरवल्या. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कोर्टाने 93 कुटुंबांना प्रत्येकी 20 कोटी रुपिया भरपाई द्यायला सांगितली. (आकडा ऐकून दचकू नका, आपल्या दहाएक लाखांच्या घरात.) चावी घेणाऱ्या बू त्या 93 मध्ये नाहीत. याबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. मी एकदा विचारलं तर काउंटर पुसत राहिल्या.

मागच्या महिन्यात सुंदा केलापा बंदराजवळच्या कांपुंग आक्वारियुमला जाऊन आलो. तिथेही एप्रिल 2016 मध्ये बेको फिरला होता. पण लोक परतून ढिगाऱ्यावर तंबू ठोकून राहिले. 2017 च्या जकार्ताच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उमेदवार अनीस बास्वेदान यांच्याशी गरीब वस्त्यांच्या संघटनेने लेखी करार केला. ते गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्याच जागी नव्या वसाहतीचं उद्घाटन झालं. एकूण आराखडा पाच इमारती, 241 घरांचा. कारभार रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे. दरवेळी असं होतंच असं नाही. स्टेडियमसाठी उठवलेल्या कांपुंग बायामच्या लोकांची इमारत 2022 मध्ये बांधून झाली, पण चाव्यांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

परत आल्यावर बूंना फोटो दाखवले. त्यांनी बोटांनी मोठे करून दारं पाहिली, मग फोल्डरमधून हाताएवढी निळी पत्र्याची पाटी काढली. घर क्रमांक, एर-ते, एर-वे. बेको यायच्या आदल्या रात्री नवऱ्याने स्क्रू काढून आणलेली.

"नव्या घराच्या दाराला का नाही लावली?" मी विचारलं.

"दाराला भोक पाडायची परवानगी नाही, मास," त्या म्हणाल्या आणि टेंपे उलटायला वळल्या.